घटक ६ : गोष्टीपासून साक्षीपर्यंत – प्रशांत महासागरातील लोकसमूह, हवामानबदल आणि भाषा

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• हवामानबदलाच्या प्रश्नात स्थानिक भाषेचे आणि लोकानुभवाचे स्थान स्पष्ट करता येईल.
• 'तालानोआ', 'वानुआ' आणि 'फालेपिली' या संकल्पनांचा आशय सांगता येईल.
• गोष्ट, गाऱ्हाणे आणि साक्ष या कथनप्रकारांतील भेद ओळखता येईल.
• स्वतःच्या परिसरातील अनुभवकथनाची शिस्तबद्ध नोंद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हवामानबदलाची चर्चा बहुधा अंश सेल्सियस, टनांतील उत्सर्जन आणि करारांची कलमे यांच्या भाषेत चालते. ही भाषा आवश्यक आहे. परंतु ज्याच्या घरात भरतीचे पाणी शिरते, त्याचा अनुभव तिच्यात पुरता मावत नाही. तो अनुभव मातृभाषेत, गोष्टीच्या रूपाने सांगितला जातो. मग प्रश्न असा की, एका लहानशा बेटावर सांगितलेली गोष्ट जगाच्या न्यायपीठापर्यंत पोहोचू शकते का? आणि पोहोचताना तिचे काय होते?

या प्रश्नांचे उत्तर आपण प्रशांत महासागरातील बेटांच्या उदाहरणावरून शोधणार आहोत. जागतिक उत्सर्जनात या बेटांचा वाटा नगण्य आहे. हानीचा वाटा मात्र मोठा आहे. मार्च २०१५ मध्ये 'पाम' चक्रीवादळाने वानुआटू या देशाचे जे नुकसान केले, ते त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते. शस्त्रबळ किंवा अर्थबळ नसलेल्या या समाजांजवळ दोन गोष्टी होत्या : त्यांची भाषा आणि शेजारच्या बेटांशी असलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. या दोहोंचा त्यांनी कसा उपयोग केला, ते आता पाहू.

६.२ तालानोआ : मोकळ्या बोलण्याची रीत

फिजी, टोंगा आणि सामोआ येथील भाषांत 'तालानोआ' हा शब्द आढळतो. 'ताला' म्हणजे सांगणे आणि 'नोआ' म्हणजे रिते, मोकळे. चटईवर एकत्र बसून, कोणावर दोषारोप न करता, आपापली गोष्ट सांगणे आणि दुसऱ्याची ऐकणे, अशी ही रीत आहे. आपल्याकडील पारावरच्या किंवा ओटीवरच्या गप्पांशी तिचे साम्य जाणवेल. परंतु तालानोआतून निर्णयही घेतले जातात, हे लक्षात ठेवावे.

२०१७ मध्ये जर्मनीतील बॉन येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेचे अध्यक्षपद फिजीकडे होते. त्या निमित्ताने या देशाने वाटाघाटींना आपल्या परंपरेतील हा शब्द दिला आणि २०१८ हे वर्ष 'तालानोआ संवादा'चे ठरले. त्यात तीनच प्रश्न होते : आपण कोठे आहोत? कोठे जायचे आहे? तेथे कसे पोहोचायचे? विविध राष्ट्रांचे प्रतिनिधी, शहरे, संस्था आणि लोकसमूह यांना आपली उत्तरे कथनाच्या रूपाने मांडण्याची मुभा मिळाली.

या संवादाने उत्सर्जन थांबले, असे म्हणता येणार नाही. मात्र आंतरराष्ट्रीय व्यवहारात एका लोकपरंपरेचे नाव, भाषांतर न करता, जसेच्या तसे स्वीकारले गेले. एरवी शब्दांचा प्रवास बलाढ्य भाषांकडून लहान भाषांकडे होतो. येथे तो उलट दिशेने झाला.

६.३ वानुआ : भूमी आणि माणूस यांचे एकत्व

फिजीच्या भाषेत 'वानुआ' म्हणजे भूमी. पण केवळ माती नव्हे. त्या भूमीवरची माणसे, त्यांचे पूर्वज, त्यांचे रीतिरिवाज हे सारे त्या एका शब्दात सामावते. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या वानुआटूच्या नावातही हाच शब्द आहे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेतील 'व्हेनुआ' हा शब्द याच कुळातला असून त्याचा अर्थ 'भूमी' असाही होतो आणि 'वार' असाही. म्हणजे गर्भाचे पोषण करणारा, नाळेने जोडलेला अवयव. मराठीत आपण 'मातीशी नाळ जोडलेली आहे' असे म्हणतो. आपल्या भाषेत जो वाक्प्रचार आहे, तो तेथे शब्दाचा मूळ अर्थच आहे.

हा अर्थ समजला, की स्थलांतराचा प्रश्न किती खोल आहे, हे कळते. फिजीतील वानुआ लेवू बेटावरील वुनिडोगोलोआ हे किनाऱ्यावरचे गाव २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हलवण्यात आले. भरतीचे पाणी वारंवार घरांत शिरत होते. नवे गाव त्याच कुळाच्या परंपरागत जमिनीवर वसवता आले. घरे बदलली, तरी वानुआ बदलली नाही.

परंतु ज्या बेटांना आत सरकायला जागाच नाही, त्यांनी काय करावे? तुवालू हा देश अशाच सखल प्रवाळबेटांचा आहे. तेथील भूमी गेली, तर लोकांना केवळ विस्थापित म्हणून मोजणे पुरेसे ठरणार नाही; कारण 'वानुआ'चा एक भाग गेला की उरलेले भागही डळमळतात.

६.४ फालेपिली : शेजारधर्म

तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये एक करार झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो अमलात आला. त्याचे नाव 'फालेपिली युनियन' असे आहे. 'फालेपिली' या तुवालूच्या शब्दाचा आशय मराठीतील 'शेजारधर्म' या शब्दाने नेमका व्यक्त होतो. शेजाऱ्याला कुटुंबातल्यासारखे वागवणे, त्याची काळजी घेणे, हे त्यात अभिप्रेत आहे. या करारानुसार तुवालूच्या २८० नागरिकांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात राहण्याचा आणि काम करण्याचा मार्ग खुला झाला आहे. समुद्राची पातळी वाढली तरी तुवालूचे राष्ट्रत्व कायम राहील, हेही त्यात मान्य केलेले आहे.

येथे चिकित्सक दृष्टी हवी. ऑस्ट्रेलिया हा कोळशाचा मोठा निर्यातदार देश आहे. शिवाय तुवालूने अन्य देशांशी सुरक्षाविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याची अट या करारात आहे. शेजारधर्माचे नाव दिले म्हणून नाते समान होतेच असे नाही. तरीही त्या नावामुळे शेजाऱ्याला त्याच्या वर्तनाबद्दल प्रश्न विचारण्याचा नैतिक आधार लाभतो. शब्द स्वीकारणाऱ्यावर त्या शब्दाची जबाबदारीही येते.

६.५ विद्यार्थ्यांचा पुढाकार आणि हेगचे न्यायालय

साउथ पॅसिफिक विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. ते एका देशाचे नसून बारा बेटराष्ट्रांचे सामाईक विद्यापीठ आहे. सागरात विखुरलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्याने दूरशिक्षणाची परंपरा जोपासली आहे; या अर्थाने ते तुमच्या विद्यापीठाचे समानधर्मी आहे. २०१९ मध्ये वानुआटूची राजधानी पोर्ट व्हिला येथे शिकणाऱ्या या विद्यापीठाच्या २७ विधी विद्यार्थ्यांनी ठरवले की, हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारले जावे. तत्पूर्वी २०११ मध्ये पलाऊ या देशाने असा प्रयत्न जाहीर केला होता. तो तडीस गेला नव्हता.

विद्यार्थी एकटे न्यायालयात जाऊ शकत नव्हते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव लागतो. त्यांनी या भागातील राष्ट्रप्रमुखांना पत्रे लिहिली. वानुआटू सरकारने त्यांची मागणी आपली मानली. अन्य खंडांतील तरुण जोडले गेले. अखेर २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने हा ठराव एकमताने संमत केला. त्याच महिन्याच्या आरंभी 'ज्यूडी' आणि 'केव्हिन' ही दोन चक्रीवादळे काही दिवसांच्या अंतराने वानुआटूवर आदळली होती.

२ ते १३ डिसेंबर २०२४ या काळात हेग येथे सुनावणी झाली. ९६ राष्ट्रे आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना तीत सहभागी झाल्या. भारतानेही भाग घेतला आणि विकसित राष्ट्रांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर दिला. बेटांवरील लोकांचे अनुभव निवेदनांच्या रूपाने न्यायालयापुढे आले.

गोष्ट, गाऱ्हाणे आणि साक्ष यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. गोष्ट कोणालाही सांगता येते. गाऱ्हाणे मात्र निवारण करू शकणाऱ्यापुढेच घातले जाते. कोकणात ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे आठवा. साक्षीला आणखी एक बंधन असते : कोणी पाहिले, कोठे, केव्हा आणि पूर्वीपेक्षा काय वेगळे घडले, हे तिच्यात तपासता येण्याजोगे असावे लागते. बेटांवरील लोकांनी आपली गोष्ट न सोडता तिला साक्षीची शिस्त दिली. या प्रवासात काही हरवतेही. न्यायालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत चालते. तेथे 'वानुआ'चे 'जमीन' झाले, की पूर्वज आणि रीतिरिवाज वगळले जातात.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाच्या न्यायाधीशांनी एकमताने आपले सल्लागार मत दिले. त्यांत भारताचे दलवीर भंडारी हेही होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यात कसूर करणे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकते आणि योग्य परिस्थितीत भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हे मत बंधनकारक निवाडा नाही. समुद्र त्याने मागे हटणार नाही. मात्र यापुढे बेटांची मागणी केवळ दयेची याचना राहिलेली नाही. तिला कायद्याचा आधार मिळाला आहे.

६.६ सारांश

लहान समाजाने जगाशी बोलण्यासाठी आपली भाषा टाकून द्यावी लागते, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो. तालानोआने बोलण्याची रीत दिली, वानुआने हानीचा खरा अर्थ सांगितला, फालेपिलीने शेजाऱ्याला त्याचे कर्तव्य दाखवले. हे शब्द दूरवर पोहोचले, कारण बेटांतील परस्परसंबंध त्यांच्या पाठीशी होते. स्थानिक कृती आणि आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक नाते या परस्परपूरक गोष्टी आहेत.

६.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'तालानोआ' आणि गप्पा यांतील साम्य व भेद सांगा.
२. वुनिडोगोलोआ आणि तुवालू यांच्यापुढील प्रश्न वेगळे का आहेत?
३. 'शेजारधर्माचे नाव दिले म्हणून नाते समान होतेच असे नाही.' या विधानाची चर्चा करा.
४. लोकानुभवाचे साक्षीत रूपांतर होताना काय साधते आणि काय हरवते?

६.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील साठ वर्षांवरील शेतकरी, मच्छीमार किंवा गृहिणी यांच्यापैकी दोघांशी बोला. मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांतील पाऊस, आंब्याचा मोहोर, विहिरीचे पाणी किंवा मासळीचा हंगाम यांत त्यांना कोणता बदल जाणवतो, ते विचारा. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता लिहून घ्या. प्रत्येक विधानाशेजारी स्थळ आणि शक्य तेथे वर्ष नोंदवा. जे शब्द प्रमाण मराठीत सहज आणता येत नाहीत, त्यांची स्वतंत्र यादी करा आणि त्यांचा अर्थ सांगणाऱ्याकडूनच समजून घ्या. नोंद पूर्ण झाल्यावर ती त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या संमतीनेच पुढे द्या.