इंग्रजी पॅसेजची भीती कशी घालवायची? यवतमाळात बसून एमबीए सीईटीची तयारी



धंदा सांभाळता सांभाळता एमबीए करायची इच्छा असणारे आपल्याकडे बरेच जण आहेत. कोणाचं वणीत हार्डवेअरचं दुकान आहे, कोणाला पुसदला डाळमिल टाकायची आहे. हिशोब रोजचाच, म्हणून गणिताची भीती नसते. गाडी अडते ती इंग्रजी उताऱ्यापाशी. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस पॅसेज बघतो आणि म्हणतो, "हे आपलं काम नाही."

यात पणाला बरंच काही असतं. दोन वर्षं दुकान कोणावर सोपवायचं, फी कुठून आणायची, हे घरात ठरवावं लागतं. पर्सेंटाइल चांगला आला तर कॉलेज निवडता येतं. नाही आला तर मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून हे मार्क सोडून चालणार नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पॅसेजमध्ये तुमचं इंग्रजी किती भारी आहे हे बघत नाहीत. जेवढं लिहिलंय तेवढंच तुम्ही वाचता का, हे बघतात.

आधी परीक्षा समजून घ्या

महाराष्ट्राची एमबीए सीईटी अलीकडच्या वर्षांत २०० प्रश्नांची आणि १५० मिनिटांची असते. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. त्यात ५० प्रश्न इंग्रजीचे असतात आणि पॅसेज त्यातच येतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आयआयएमसाठी लागणाऱ्या कॅटचा हिशोब वेगळा आहे. तिथे इंग्रजीच्या भागाला ४० मिनिटं आणि २४ प्रश्न असतात, त्यातले १६ चार पॅसेजवर. पर्यायी प्रश्नात बरोबर उत्तराला ३ मार्क, चुकीला १ वजा. तिथे अंदाजपंचे मारलं तर नुकसान होतं. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नक्की बघा, कारण नियम बदलतात.

पॅसेज वाचायच्या चार पायऱ्या

१. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की तो मनात एका ओळीत मराठीत सांगा. जमलं तर समजलं. नाही जमलं तर तेवढाच परत वाचा, पूर्ण पॅसेज नाही.

२. वळणाचे शब्द पकडा. 'हाउएव्हर', 'बट', 'येट' दिसलं की लेखक वळला. त्याचं खरं म्हणणं बहुतेक वेळा त्याच्या पुढे असतं. 'ऑलदो' आणि 'डिस्पाइट' आले तर आधीची गोष्ट मान्य करून लेखक दुसरीकडे चाललाय. 'देअरफोर' म्हणजे निष्कर्ष आला.

३. अनोळखी शब्दापाशी थांबू नका. आजूबाजूच्या वाक्यावरून तो चांगल्या अर्थाचा आहे की वाईट, एवढं कळलं तरी बऱ्याचदा काम भागतं.

४. उत्तर निवडलं की स्वतःला विचारा, "हे कोणत्या ओळीत लिहिलंय?" ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

चला, एक सराव करू

मुद्दाम मराठी उतारा घेतोय, म्हणजे भाषेची भीती बाजूला राहील आणि प्रश्नाचा सापळा स्पष्ट दिसेल.

*"मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे ब्रिटिश काळात एका खासगी कंपनीने उभारली. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे नेणे हा तिचा उद्देश होता. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या ताब्यात आल्या. ही मात्र खासगी मालकीचीच राहिली. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. कापसासाठी बांधलेली ही गाडी पुढे 'शकुंतला' या नावाने गोरगरीब प्रवाशांची गाडी झाली. मात्र मालकी कंपनीची आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे, या विभागणीत रुळांची देखभाल मागे पडत गेली."*

प्रश्न १. उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?
अ) ब्रिटिशांनी वऱ्हाडाचा कापूस लुटला.
ब) गाडीचा उपयोग बदलला, पण मालकी तशीच राहिली आणि त्यात देखभाल मागे पडली.
क) १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले.
ड) नॅरोगेज रेल्वे बंद करायला हव्यात.

उत्तर ब. 'क' खरं आहे, पण तो फक्त एक तपशील आहे, मुद्दा नाही. 'अ' मध्ये 'लुटला' हा शब्द आपण घातला, लेखकाने नाही. 'ड' हा सल्ला उताऱ्यात कुठेच नाही. आणि बघा, शेवटच्या वाक्याची सुरुवातच 'मात्र' ने आहे. वळण तिथेच होतं.

प्रश्न २. उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
अ) यवतमाळ जिल्ह्यात आजही कापूस हे प्रमुख पीक आहे.
ब) मालक आणि चालवणारा एकच असता, तर देखभाल कदाचित एवढी मागे पडली नसती.
क) सुरुवातीला या गाडीत प्रवासी कधीच बसत नसत.
ड) डिझेल इंजिनामुळे रुळांची देखभाल सुधारली.

आपल्या जिल्ह्यातला माणूस पटकन 'अ' वर टिक करेल, कारण ते खरंच आहे. शेतात दिसतंय की! पण आजच्या पिकाबद्दल उताऱ्यात एक शब्द नाही. बाहेर खरं असलेलं उत्तर पॅसेजसाठी चुकीचं असू शकतं. हुशार मुलं सर्वात जास्त इथेच फसतात. उत्तर ब. 'क' मधल्या 'कधीच' सारखे टोकाचे शब्द दिसले की सावध व्हा. 'ब' मध्ये 'कदाचित' आहे, आणि असा मवाळ पर्याय सिद्ध करणं सोपं असतं. 'ड' तर उताऱ्याच्या उलट आहे.

रोजचा एक तास, खर्च शून्य

पहिले दोन आठवडे बालभारतीचं अकरावी-बारावीचं अर्थशास्त्र घ्या. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. एक धडा आधी मराठीत वाचा, मग तोच इंग्रजीत. अर्थ माहीत असल्यामुळे इंग्रजी वाक्याची रचना आपोआप बसत जाते.

पुढचे दोन आठवडे रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचा आणि तीन ओळींत मराठीत सारांश लिहा. त्यानंतर घड्याळ लावून रोज दोन पॅसेज सोडवा. जुन्या पेपरातले घेतलेत तर उत्तम.

एक वही ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: 'उताऱ्यात नव्हतं', 'टोकाचा शब्द', 'तपशीलाला मुद्दा समजलो'. पंधरा दिवसांत कळेल की आपण एकाच प्रकारे पुन्हा पुन्हा चुकतो. ती एक सवय मोडली की मार्क वाढतात.

एमबीए नाही झालं तरी हे वाया जात नाही

बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र इंग्रजीत येतं. आपण रक्कम बघतो आणि खूश होतो. पण त्याच ओळीत 'सब्जेक्ट टू' असेल, तर मंजुरी अटीवर आहे: आधी मशीनचा विमा, आधी आपला हिस्सा, मग पैसे. 'अनलेस' आणि 'प्रोव्हायडेड दॅट' हे तसेच वळणाचे शब्द. जीएसटीची नोटीस, ऑनलाइन माल विकायचा करार, पुरवठादाराच्या अटी, सगळीकडे हेच. पॅसेज चुकला तर एक-दोन मार्क जातात. करार चुकला तर भांडवल जातं.

तर आजपासून सुरुवात करा. घरात पडलेलं बँकेचं किंवा विम्याचं एखादं इंग्रजी पत्र काढा, त्यातले वळणाचे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येक परिच्छेद मराठीत एका ओळीत लिहा. तुमचा पहिला पॅसेज तोच.