घरगुती विजेच्या मागणीचा अंदाज

वीजकेंद्र उभारण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे मागणी प्रत्यक्ष निर्माण होण्यापूर्वीच तिचा अंदाज बांधावा लागतो. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरण त्यासाठी वेळोवेळी विद्युत शक्ती सर्वेक्षण करते.

घरगुती मागणी प्रथमतः कुटुंबांच्या संख्येवर अवलंबून असते. लोकसंख्या तेवढीच राहिली, तरी एकत्र कुटुंब विभक्त झाले की एका शीतकपाटाच्या जागी दोन येतात. उत्पन्न वाढले की पंख्यानंतर शीतकपाट व पुढे वातानुकूलन यंत्र घरात येते. हवामान, विजेचा दर आणि उपकरणांची कार्यक्षमता हेही तितकेच महत्त्वाचे घटक होत. ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळाल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते. तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास केवळ १.३५ युनिट पुरतात. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने असे दिवे घरोघरी पोहोचविले. याउलट, २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेमुळे वीज नसलेल्या घरांना जोडण्या मिळाल्या आणि ग्राहकांची संख्या वाढली.

एकूण वापर आणि कमाल मागणी या दोन गोष्टी भिन्न आहेत. शंभर घरांत प्रत्येकी १,००० वॅटची इस्त्री असेल, तर त्यांचा जोडभार १०० किलोवॅट होतो. परंतु एका वेळी तीसच घरांत इस्त्री चालू असेल, तर रोहित्रावर ३० किलोवॅटचाच भार पडतो. उन्हाळ्याच्या रात्री वातानुकूलन यंत्रे मात्र बहुधा एकाच वेळी चालतात. तेथे ही सवलत फारशी मिळत नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. भारनियमन असलेल्या भागात मीटरवरील आकडा मिळालेली वीज दाखवितो, हवी असलेली नव्हे. त्या आकड्यावरून भविष्य वर्तविल्यास टंचाईच पुढे चालू राहते.

वाढीच्या दरातील किरकोळ फरकही कालांतराने मोठा होतो. आज १०० युनिट असलेली मागणी दरसाल ५ टक्के वाढल्यास दहा वर्षांनी सुमारे १६३ युनिट होते. ७ टक्के वाढल्यास सुमारे १९७. अंदाज कमी पडला, तर घरे अंधारात राहतात. जास्त झाला, तर निष्क्रिय यंत्रसामग्रीचा भार अखेर ग्राहकाच्या देयकावर पडतो. म्हणूनच एका आकड्यावर विसंबण्याऐवजी किमान व कमाल असे दोन्ही अंदाज मांडून ते दरवर्षी प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहणे श्रेयस्कर ठरते.