कोणाकडे धावला, कोणाच्या अंगावर धावला?



धाराशिव तालुक्यातील एका पारधी वस्तीवर मी संध्याकाळी मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेते. तिथल्या आठवीच्या एका मुलाच्या शाळेत भांडण झाले. तो भांडणात नव्हता. सरांना बोलवायला धावला होता. त्याला हकिकत इंग्रजीत लिहून द्यायला सांगितले. त्याने लिहिले, ‘आय रॅन ॲट सर.’ म्हणजे, मी सरांच्या अंगावर धावून गेलो! दोन दिवस त्याला वर्गाबाहेर बसवले.

1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण पारध्याच्या मुलावरचा संशय अजून सरलेला नाही. म्हणून त्याच्यासाठी ही चूक केवळ व्याकरणाची राहत नाही.

त्याला लिहायचे होते, ‘आय रॅन टू सर.’ क्रियापद तेच, पण ‘टू’ने कोणाकडे ते कळते आणि ‘ॲट’ने हल्ल्याचा रोख येतो. ‘थ्रो टू’ म्हणजे झेलता यावा असा चेंडू टाकणे. ‘थ्रो ॲट’ म्हणजे नेम धरून मारणे. ‘रन आफ्टर’ म्हणजे पाठलाग करणे, ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे, आणि ‘रन इन्टू’ म्हणजे धडकणे किंवा अचानक गाठ पडणे.

आपल्या मराठीतही हे आहेच. ‘मदतीला धावून आला’ आणि ‘अंगावर धावून आला’ यांत किती अंतर आहे! फरक एवढाच, की आपले ‘ला’, ‘वर’, ‘कडे’ नामाच्या मागे लागतात, तर इंग्रजीतले असे शब्द नामाच्या आधी येतात. त्यातून या मुलांची घरची बोली पारधी, शाळेची भाषा मराठी, इंग्रजी तिसरी.

आता आम्ही हे अंगणात चेंडू घेऊन शिकतो. मी ‘टू’ म्हटले की चेंडू हळू टाकायचा, ‘ॲट’ म्हटले की भिंतीवर नेम धरायचा. मुले सहसा चुकत नाहीत.

त्या मुलाने हकिकत पुन्हा लिहिली. मी त्याच्यासोबत शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद वाचले आणि त्याला वर्गात बसवले.

तुम्हीही घरी मुलांकडून इंग्रजी क्रियापदे एकेकटी पाठ करून घेऊ नका. शेजारच्या लहान शब्दासह, पूर्ण वाक्यात म्हणून घ्या. आणि या मुलांना आपल्या प्रार्थनेत आठवा.