निळा प्रकाश आणि नेत्ररक्षण

सूर्याच्या शुभ्र प्रकाशात इंद्रधनुष्याचे सर्व रंग सामावलेले असतात. त्यांपैकी सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांस निळा प्रकाश म्हणतात. मोबाईल, संगणक व एलईडी दिवे यांतूनही तो बाहेर पडतो. या प्रकाशाने दृष्टी जाते, अशी भीती आज घरोघरी व्यक्त होते आणि तीपोटी विशेष लेप दिलेले महागडे चष्मे घेतले जातात. ही भीती कितपत साधार आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

पडद्याचा प्रकाश

निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा उगम सूर्य हाच होय. त्या मानाने मोबाईलच्या पडद्यावरून डोळ्यांत शिरणारा निळा प्रकाश अत्यल्प असतो. त्याने दृष्टिपटलास इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. २०२३ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण, निदान अल्पकाळात तरी, साध्या चष्म्यांपेक्षा कमी होतो, असे त्यात दिसून आले नाही.

मग डोळे चुरचुरतात ते कशाने? पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा फार कमी वेळा लवतात, अश्रूंचा थर सुकतो आणि जवळच्या वस्तूवर दृष्टी खिळल्याने डोळ्यांचे स्नायू थकतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद, सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे, जसे की अंगणापलीकडील माडाकडे पाहावे व पापण्या मिटून उघडाव्यात.

रात्रीची गोष्ट मात्र निराळी. निळा प्रकाश मेंदूस दिवस असल्याची सूचना देतो व निद्रेस साहाय्यभूत असलेले मेलॅटोनिन कमी स्रवते. यास्तव झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवणे हितावह होय.

खरा धोका कोठे?

सूर्याकडे रोखून पाहिल्यास मात्र निळ्या किरणांनी दृष्टिपटल कायमचे भाजू शकते; त्या वेळी वेदनाही होत नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्र व गोवा येथून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा परातीतील पाण्यातले प्रतिबिंब यांचा आधार घेऊन ते पाहू नये. प्रमाणित ग्रहण-चष्माच वापरावा. वेल्डिंगची ठिणगी पाहत उभ्या राहणाऱ्या मुलांनाही वेळीच दूर करावे. त्या झोतातील अतिनील किरणांनी काही तासांनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी असह्य सल सुरू होते.

पालक व शिक्षकांचे कर्तव्य

फळ्यावरील अक्षरे दिसत नाहीत म्हणून मागे पडणारे मूल पुष्कळदा 'ढ' ठरविले जाते. त्याला निळ्या लेपाची नव्हे, योग्य क्रमांकाच्या चष्म्याची गरज असते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणीची व गरजू विद्यार्थ्यांना विनामूल्य चष्म्याची तरतूद आहे. शाळांनी तिचा लाभ घ्यावा. मुलांनी रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळल्यास लघुदृष्टिदोष जडण्याची शक्यता कमी होते, हेही ध्यानी ठेवावे. लेपाच्या चष्म्यासाठी पैसे खर्चण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घेणे, हेच नेत्ररक्षणाचे पहिले पाऊल होय.