तळ्यातील तिलापिया व आफ्रिकन मांगूर : बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच करा

पेण व रोहा तालुक्यांतील गावतळी, शेततळी आणि खारभूमीलगतची तळी मत्स्यपालनास उपयुक्त आहेत. परंतु तळ्यात तिलापिया (चिलापी) किंवा आफ्रिकन मांगूर शिरला, तर कटला, रोहू, मृगळ यांच्या बीजावरील खर्च वाया जातो.

हे मासे हटत का नाहीत?

तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो गोड्या व मचूळ अशा दोन्ही पाण्यांत जगतो, दोन-तीन महिन्यांत वयात येतो आणि वर्षातून अनेकदा अंडी घालतो. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. त्यामुळे जाळ्यातून सुटलेले थोडे मासेही तळे पुन्हा भरून टाकतात. दाटी होऊन सर्वच मासे खुजे राहतात. आफ्रिकन मांगूर लहान मासे फस्त करतो. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून थोड्या पाण्यात तगून राहतो. त्याच्या पालनावर केंद्र शासनाने २००० मध्ये बंदी घातली आहे.

निर्मूलनाची पद्धत

१. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी झाल्यावर बारीक आसाचे जाळे वारंवार ओढावे. देशी मासे वेगळ्या टाकीत ठेवावेत.

२. शक्य असल्यास तळे पूर्ण उपसून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवावे. हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. एकही डबके शिल्लक ठेवू नये.

३. उपसता न येणाऱ्या तळ्यात मोहाची पेंड वापरावी. प्रमाण हेक्टरी, दर मीटर खोलीस २,५०० किलो. म्हणजे १० गुंठ्यांच्या, सरासरी १ मीटर खोल तळ्यास सुमारे २५० किलो पेंड लागते. ती रात्रभर भिजवून सर्वत्र सारखी टाकावी. वर येणारे मासे लगेच काढावेत. पेंडीचा विषारी परिणाम १५ ते २० दिवस राहतो, पुढे तिचे खत होते. म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत उरकावे.

दक्षता

पेंडीने देशी मासेही मरतात. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यात, तसेच कुंडलिका, अंबा या नद्यांत व ओढ्यांत ती टाकू नये. कीटकनाशके कदापि वापरू नयेत. बीज सोडण्यापूर्वी थोडी बोटुकली हाप्यात २४ तास ठेवून पाणी तपासावे. पाण्याच्या आगम-निर्गम मार्गांवर बारीक जाळी बसवावी. बीज घेताना त्यात परके मासे नाहीत हे पाहावे.

पावसाळ्यात तळी, भातखाचरे व ओढे एकमेकांस मिळतात. एकट्याने तळे साफ करून भागत नाही. ग्रामपंचायत व शेजारचे तळेधारक यांनी एकाच उन्हाळ्यात मिळून हे काम केल्यासच ते टिकेल.