लैलाची लिसा

१३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली. ससून रुग्णालयाशी संलग्न ‘श्रीवत्स’ या अनाथ बालकांच्या संस्थेत तिला लैला म्हणत. अवघ्या तीन आठवड्यांच्या या तान्हुलीला मुंबईकर हरेन स्थळेकर व त्यांची इंग्रज पत्नी सू यांनी दत्तक घेतले, तीच लिसा. पुढे प्रवासच प्रवास! अमेरिका, मग केनिया, अखेर ऑस्ट्रेलियातील सिडनी. परंतु तान्ह्या जिवाला देश कोठला ठाऊक? उचलून घेणारे तेच हात, थोपटताना कानी पडणारा तोच आवाज, एवढेच त्याचे घर. सिडनीत परसातल्या क्रिकेटने बापलेकींचा जिव्हाळा अधिकच वाढला. २०१३ साली मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्या संघात पुण्याची ही लेक होती.