पद्मिनीची पाठ का बसली?

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र अस्सल लालबागचा आहे.

माझ्या मामाकडे प्रीमियर पद्मिनी आहे. काळी-पिवळी नव्हे, घरची, पांढरी. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी पुढे पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं वय २० वर्षांपुरतं मर्यादित, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. घरच्या गाडीला ही अट नाही, पण १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते.

यंदा मामाची तीच वेळ आली होती आणि गाडी मागून डावीकडे झुकलेली! लालबागच्या पुलावर प्रत्येक सांध्याला 'धाड' असा आवाज. एका गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉक नवे घातले, पैसे घेतले, पण गाडी तशीच. मामा वैतागून म्हणाला, "भंगारात देतो आता. तू इंजिनिअर होतेस ना? मग सांग काय झालंय ते!"

आली का पंचाईत! तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही स्प्रिंग पाहिलेली ती फक्त आकृतीत. पण एक गोष्ट आठवली. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉक फक्त तिची उसळी आवरतो. म्हणजे गाडी बसली असेल तर नवा शॉक घालून ती उठणार कशी?

पद्मिनीच्या मागे अखंड अॅक्सल आणि दोन बाजूंना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. हे पाटे दोन कामं करतात. वजन तर पेलतातच, शिवाय अॅक्सलला जागेवर धरून ठेवतात. म्हणून पाटा तुटणं म्हणजे नुसते धक्के बसणं नाही. अॅक्सल सरकला तर गाडी तिरकी चालते.

आधी मोजा

सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. उजवीपेक्षा डावी बाजू ३ सेंमी खाली. मग मागचा कोपरा दाबून सोडला. शॉक गेलेला असता तर गाडी डोलत राहिली असती. ती एकदा वर येऊन थांबली, म्हणजे शॉक निर्दोष.

इथे आपलं व्हायब्रेशनचं सूत्र आठवा. वजनाने स्प्रिंग १० सेंमी दबत असेल, तर नैसर्गिक वारंवारिता साधारण १.६ हर्ट्झ येते. शॉक नसेल तर सेकंदाला दीडेक हेलकावे! परीक्षेत पाच मार्कांचं गणित, पुलावर मात्र पोटात गोळा.

मग खोला

परळचे एक मेस्त्रीकाका मदतीला आले. त्यांनी वर्षानुवर्षं टॅक्सीच दुरुस्त केलेल्या. डिकीत सीएनजीचा सिलिंडर आणि टपावर सामान, त्यामुळे टॅक्सीचे पाटे लवकर बसायचे, असं ते म्हणाले. त्यांनी शिकवलेला क्रम असा:

१. पुढच्या चाकांना ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. ती उचलली की त्याचा उपयोग शून्य.

२. बॉडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका.

३. दुसरा जॅक अॅक्सलखाली द्या, मगच शॉक आणि यू-बोल्ट सोडा.

४. पाटे काढून, ब्रशने गंज घासून एकेक तपासा.

गंजाखाली दुसऱ्या पाट्याला तडा! सेंटर बोल्ट झिजलेला, रबरी बुश चिरडलेले. मी विचारलं, "काका, पाटा तापवून बाक दिला तर?" ते म्हणाले, "बाक येईल गं पोरी, पण टेंपर जाईल. चार दिवसांत परत बसेल." तडा गेलेला पाटा तर भंगारातच. 'एक पाटा जास्त घाला' हा सल्लाही त्यांनी उडवून लावला. गाडी उंच होते, पण लाकडासारखी कडक.

ऑपेरा हाऊसच्या बाजारात फिरून दोन्ही बाजूंचे पाटे, बुश आणि यू-बोल्ट आणले. एकच बाजू बदलली तर झुकाव राहतो, म्हणून जोडीने. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या भोकात नीट बसवलं आणि यू-बोल्ट आलटून पालटून आवळले.

माझी चूक इथेच झाली. गाडी वर असतानाच मी बुशचे बोल्ट गच्च केले. काका ओरडले, "सोड ते! गाडी खाली आली की रबर पिळलं जाईल, मग महिन्यात फाटेल." खरंच, बुशची शेवटची आवळणी चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन आल्यावर करायची. हे मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं.

पुन्हा टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या! शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळले. तपासणीत गाडी पास झाली आणि भंगारवाल्याचा नंबर मामाने स्वतः फाडून टाकला.

त्या गॅरेजवाल्याकडे हत्यारं आमच्यापेक्षा जास्त होती. त्याने फक्त टेप लावली नाही. तेव्हा मित्रांनो, मशीन कुठलंही असो, आधी मोजा, मग बदला!